तब्येत सुधारल्याचं दुखणं

माझं हार्ट फेल झालं त्या दिवशी मी बसनं घरी आले, तीही उभ्यानं. एका मुलीनं जागा देऊ केली होती, पण ती मला आजी म्हणाली म्हणून मी बसले नाही. उतरल्यावर कोबी घेतला, भाजीवाल्याला त्याची वरची सुकलेली पानं काढायला लावली आणि मगच घराकडे वळले.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे हार्ट फेल या शब्दाला एकच अर्थ आहे. अमक्याचं हार्ट फेल झालं म्हटलं की ऐकणारा आधी ‘अरेरे’ म्हणतो आणि मग कधी नेणार ते विचारतो. हार्ट फेल होऊन कोबी निवडत उभं राहिलेलं माणूस आजवर कोणी पाहिलेलं नाही. ते मी.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढी. माझं हृदय तिनं पडद्यावर दाखवलं आणि म्हणाली, “आजी, याला हार्ट फेल्युअर म्हणतात. घाबरू नका, हृदय बंद पडलेलं नाही. दमलंय. जोर कमी लावतंय.”

मी म्हटलं, “मी तिसरीत फेल झाले तेव्हा मला शाळेतून काढून घरी बसवलं होतं. याला कुठे बसवायचं?”

ती हसली नाही. जास्त शिकलेल्या माणसांना विनोद आधी सांगून ठेवावा लागतो.

खरं तर तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच माझा अपमान होऊन गेला होता. तिथं आधी वजन आणि मग छाती, असा क्रम आहे. नर्सनं मला काट्यावर उभं केलं आणि जो आकडा आला तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीला ओरडून सांगितला. बाकावरच्या सगळ्या हृदयरोग्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. आधीच त्यांची हृदयं नाजूक. त्यामुळे डॉक्टरीण पुढे मीठ, पाणी, गोळ्या असं जे काही समजावत होती, तेव्हा मी त्या नर्सला काय उत्तर द्यायला हवं होतं ते जुळवत बसले होते. चांगली उत्तरं मला नेहमी खुर्ची बदलल्यावर सुचतात.

राहिले आमचे हे. यांचं जन्मभर घड्याळदुरुस्तीचं दुकान. दवाखान्यातल्या भिंतीवरचं घड्याळ मागे होतं, त्यामुळे यांचं सगळं लक्ष तिकडे. डॉक्टरीण म्हणाली होती, “रोज सकाळी वजन करा. वजन वाढलं तर ताबडतोब या.” यातलं ‘वजन’ यांनी ऐकलं, ‘ताबडतोब’ मी ऐकलं. ‘वाढलं’ हा मधला शब्द कोणाच्याच पदरात पडला नाही. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाचं.

दवाखान्यातून यांनी चिरंजिवांना फोन केला. “आईचं हार्ट फेल झालंय, आम्ही भाजी घेऊन येतो,” असं हे म्हणाले. पण यांचा फोन यांच्याइतकाच जुना. तो भाजीच्या आधी बंद पडला.

मी जिन्यात पोहोचले तर खालपासून वरपर्यंत चपला. दार सताड उघडं. खालच्या मजल्यावरचे नळवाले भाऊ सोसायटीच्या हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या आणून मांडत होते. माझ्याच घरात शिरायला मला ‘जरा सरका’ म्हणावं लागलं. दाराशी उभा असलेला एक गृहस्थ हळूच म्हणाला, “बाई, बाहेरच थांबा, अजून आणलं नाही.” मी म्हटलं, “आणलंय,” आणि कोबी दाखवला.

आत चिरंजीव सूनबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. एवढा दाढीमिशीवाला माणूस, पण रडताना अगदी लहानपणीसारखाच, खालचा ओठ पुढे काढून. मला बरं वाटलं. तरी म्हटलं, “रडतोस काय, आधी त्या चपला बघ, सगळ्या पायपुसण्यावर चढल्यात.” मग जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. त्यातही कोण किती रडत होतं ते मी नीट बघून घेतलं. अशी संधी माणसाला सहसा मिळत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई रडत नव्हत्या. त्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी फक्त शांतता राखली होती.

सगळे आले, एक वन्सं तेवढ्या आल्या नाहीत. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी फोन केला, तो यांनी उचलला, आणि पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू आलं. “मेली असेल तर कळव. नसेल तर तिचं मीठ बंद कर.” आणि फोन ठेवला.

वन्संबद्दल दोन शब्द इथेच सांगून टाकते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, पण ज्यांनी वन्संना ऐकलंय ते मला मवाळ समजतात. शिष्टपणा तर विचारू नका. आमच्याकडे आल्या की बसायच्या आधी पाय ठेवायला दुसरी खुर्ची मागायच्या, आणि मोठ्या माणसांसमोर राणीसारखे पाय वर. पाणी दिलं तर अर्धा ग्लास परत. जेवायला बसल्या तर ‘मी माझं आणलंय’ म्हणून डबा उघडायच्या. म्हणजे आम्ही काय विष घालतो का? एका भाच्याच्या लग्नात तर हॉल वरच्या मजल्यावर म्हणून त्या खाली गाडीतच बसून राहिल्या आणि नवरा-नवरीला खाली बोलावून घेतलं. त्या प्रकारावर आमचं घराणं अजून बोलतं. तेव्हा मीठ बंद करा हा टोमणा मला बरोबर लागला. माझ्या हातची चव त्यांना कधी बघवली नाही, असंच मी धरून चालले.

आता उपचार. डॉक्टर एक होती, पण सल्लागारांना तोटा नव्हता.

पहिले नळवाले भाऊ. हृदय म्हणजे पंप, हे त्यांना कळल्यावर त्यांनी माझी केस स्वतःकडेच घेतली. “काकू, पंप कमजोर झाला की एकच काळजी घ्यायची. कोरडा चालू द्यायचा नाही. कोरडा चालला की जळतो. पाणी पीत राहा.” जिन्यात भेटले की विचारायचे, “पाणी चालू आहे ना?” एवढ्या आपुलकीनं विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी तांब्याच उशाशी ठेवला.

वरच्या बाईंचं मत असं, की आजारी माणसाच्या पोटात दर थोड्या वेळानं काहीतरी गेलं पाहिजे. त्या खारे शेंगदाणे घेऊन यायच्या आणि मी खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. शाळेत मुलांना डबा संपवायला लावायची सवय हाडात भिनलेली.

सूनबाईनं मात्र पहिल्याच दिवशी मीठ कमी घालून माझी भाजी वेगळी केली. छोटं पातेलं, छोटा चमचा, सगळं नीटनेटकं. पोरगी गुणी आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, म्हणून इथे लिहिते. पण माझं ताट वेगळं झालेलं पाहिलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. जन्मभर मी या घराला वाढलं. भाजीत मीठ किती हे माझ्या जिभेनं ठरायचं. आता माझंच ताट पाहुण्यासारखं बाजूला? ताट वेगळं झालं की माणूस वेगळं व्हायला वेळ लागत नाही. सूनबाईची पाठ वळली की मी मोठ्या पातेल्यातलं वाढून घ्यायची आणि लहान पातेल्यातलं यांच्या ताटात टाकायची. हे निमूट खायचे. यांना वाटायचं, सूनबाईचा हात बिघडलाय.

राहता राहिला वजनकाटा. तो चिरंजिवांनी आणला. मला आकडे नीट दिसत नाहीत, आणि खाली वाकून बघावं तर मध्ये माझं मीच येते, म्हणून पोरानं बोलणारा काटा आणला. त्यावर उभं राहिलं की आतून एक बाई आधी म्हणायची, “कृपया स्थिर उभे राहा.” मग वजन सांगायची आणि मग धन्यवाद. आवाज असा खणखणीत, की पहिल्याच दिवशी वरून बाईंनी विचारलं, “कोण आलंय हो?” आणि खालून नळवाले भाऊ म्हणाले, “वजन ऐकलं, काकू. छान आहे.”

आकडा मी इथे लिहिणार नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी आमच्या इमारतीत कोणालाही विचारावा.

मी यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत करून या. आम्ही दोघं दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणानं विचारलं, “तक्रार काय?”

“बोलतो.”

“मग बरोबर आहे की. बोलणाराच आहे तो.”

“बोलू नये अशी माझी इच्छा आहे.”

तो संगणकात बघून म्हणाला, “बोलत नाही, अशी तक्रार घेता येते. अडखळतो, अशीही घेता येते. बोलतो, अशी तक्रार यात नाहीच.”

“मग अडखळतो असं लिहा.”

त्यानं काटा जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, “चढा.” मी दुकानभर नजर फिरवली. गिऱ्हाइकं बरीच होती. मी यांना चढवलं. काट्यातली बाई एकदाही अडखळली नाही. यांचं वजन मात्र सगळ्यांना कळलं, आणि एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी यांना उपाशी ठेवते.

काटा परत घरी आला. नळवाले भाऊ म्हणाले, “आणा इकडे, आवाज बारीक करून देतो.” त्यांनी तो उघडला, काहीतरी आवळलं आणि बंद केला. त्यानंतर त्या बाईचा आवाज समोरच्या इमारतीतही जायला लागला.

पण सांगते, माणूस कशालाही सरावतं. हळूहळू इमारतीला माझ्या वजनाची गोडी लागली. सकाळी आमच्या काट्यातल्या बाईनं तोंड उघडलं की जिन्यातली बोलणी थांबायची. वजन वाढलं की वरून बाईंच्या टाळ्या. कारण यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलंय. आणि यांच्या घराण्यात माणूस आजारी पडतं ते वाळतं, वाळतं आणि जातं. फुगून गेलेलं यांच्याकडे कोणी नाही. म्हणून वजन उतरू द्यायचं नाही, एवढा एकच धडा यांनी मनाशी पक्का केला होता. तो चुकीचा आहे हे कळायला यांना कारणच नव्हतं. सगळं जगच म्हणत होतं, “काकू, तब्येत सुधारली हो तुमची.”

आपल्याकडे बघा, जाड झालीस असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तब्येत सुधारली म्हणतात. वाळलात तर तब्येत उतरली. अंगावर जे येईल ती तब्येत. मग ते मांस असो नाहीतर पाणी.

आणि माझं पाणी होतं. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मात्र मी सुधारत चालले होते. चपला पायात जाईनात, तर हे कौतुकानं मोठ्या मापाच्या घेऊन आले, म्हणाले, “पायांचीही सुधारली.” बांगडी मनगटात रुतली. आडवी झाले की जीव घुसमटायचा, म्हणून एकीवर एक उशा चढत गेल्या, शेवटी मी बसूनच झोपायला लागले. यांना वाटलं, मी राखणीला बसते. जिना चढताना मी प्रत्येक वळणावर थांबायची आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून तिथल्या दारातल्या बाईशी भांडण काढायची. त्यामुळे माझा दम कोणाला कळला नाही. माझं भांडकुदळपण तेवढं सगळ्यांना कळलं, पण ते आधीपासून माहीत होतं.

एका सकाळी काट्यातली बाई जो आकडा बोलली तो अगदी गोल, शेवटी शून्य असलेला होता. असा आकडा माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आलेला. वरच्या बाई धावत खाली आल्या. “याचं कौतुक झालं पाहिजे,” त्या म्हणाल्या. शिक्षिकेला कौतुक समारंभ म्हणूनच सुचतं. रविवारी आमच्याच घरात चहापान ठरलं. नळवाले भाऊंनी त्याच खुर्च्या पुन्हा आणल्या. चिरंजिवांनी खारी बिस्किटं आणि वेफर्स आणले. काटा खोलीच्या मधोमध. वरच्या बाईंनी फुलांचा गुच्छ आणला आणि जिद्दीच्या जोरावर मी आजारावर मात कशी केली यावर दोन शब्द बोलल्या. मला ते आवडलं हे मी नाकारत नाही. मला शाळेत कधी कोणी गुच्छ दिलेला नाही.

मी काट्यावर चढले. “कृपया स्थिर उभे राहा,” बाई म्हणाली. मला तेवढंच जमेना. खोली जरा गोल फिरल्यासारखी वाटत होती. आकडा आला, तो परवापेक्षाही चढा. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “कोणाचा लिलाव चाललाय?”

वन्सं. पाठीमागे त्यांना हाताला धरून वर आणणारा टॅक्सीवाला, घामाघूम. त्या आत आल्या, एका खुर्चीवर बसल्या, दुसरी पुढे ओढली आणि पाहुण्यांच्या देखत पाय वर घेतले. सूनबाईनं चहा पुढे केला. “नको.” वरच्या बाईंनी वेफर्स पुढे केले. वन्संनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“तोंड कशानं सुजलंय हिचं?”

हे म्हणाले, “ताई, सुजलं काय म्हणतेस, तब्येत सुधारलीय तिची.”

“तुझी नजर घड्याळातच राहिली,” वन्सं म्हणाल्या. “ये गं इकडे. पाय पुढे कर.”

चार माणसांत माझा पाय पुढे करायला मी काही गाय नव्हे. पण वन्संच्या त्या आवाजापुढे माझं लग्न झाल्यापासून काही चाललेलं नाही. मी गुच्छासकट पाय पुढे केला. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला, चांगला रुतवून दाबला, आणि काढला.

खड्डा तसाच राहिला.

सगळे वाकून बघायला लागले. खड्डा भरेना. वरच्या बाईंनी चष्मा लावला. नळवाले भाऊ गुडघ्यावर बसले, त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “हे तर पाणी तुंबलंय.”

“ज्या पंपाला उपसा जमत नाही त्याला वरून पाणी कोण पाजत होतं?” वन्सं म्हणाल्या.

नळवाले भाऊंनी नजर चुकवली. वरच्या बाईंनी वेफर्सची बशी पाठीमागे नेली. चिरंजिवांचा खालचा ओठ पुढे आला. आणि आमचे हे, ज्यांनी आजवर मला कधी माणसांत हात लावला नाही, ते पुढे झाले आणि माझा गुच्छ काढून स्वतःच्या हातात घेतला. मग दुकानात सुटा स्क्रू ठेवतात तसा तो जपून बाजूला ठेवला.

“बघताय काय,” वन्सं म्हणाल्या. “उचला हिला.”

मला ज्या खुर्चीवर बसवून जिन्यातून खाली नेलं, ती माझ्याच मरणाला आणलेली खुर्ची. पुढून चिरंजीव, मागून नळवाले भाऊ. खालच्या मजल्यावर नळवाले भाऊ धापा टाकत म्हणाले, “काकू, तब्येत खरंच...” आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला पाहिलं, उशा विचारल्या, चपला विचारल्या आणि आम्हाला असं झापलं, की माझं तिच्याबद्दलचं मत एकदम चांगलं झालं. अजून चार दिवस उशीर केला असता तर छाती पाण्यानं पुरती भरली असती, ती म्हणाली. मग सुया आणि नळ्या. पाणी उतरायला लागलं. कसं उतरलं ते मी लिहीत नाही. पण छातीवर कोणी बसलं होतं ते उठून गेलं, असं वाटलं. किती दिवसांनी मी पाठ टेकली, आणि टेकल्या टेकल्या रडू आलं. कोणी बघितलं नाही. बघितलं असेल तर वन्संनी. त्या माझ्याच पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरीण पुन्हा आली तेव्हा तिचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. “अरे, तुम्ही? या तुमच्या नात्यातल्या?”

“नातं आहे,” वन्सं म्हणाल्या. “पण आम्ही ते वाढवत नाही.”

“आज सकाळचं वजन?”

“कालचंच.”

“पाणी?”

“माझ्या ग्लासानं.”

“शाब्बास,” असं म्हणून डॉक्टरीण गेली. मी उशीवरून मान वळवली.

“वन्सं, ही तुम्हाला कशी ओळखते?”

“तुझ्या कितीतरी आधी फेल झालंय माझं,” त्या म्हणाल्या. “वर्षं मोजत नाही मी.”

ती पायाखालची खुर्ची. तो परत केलेला अर्धा ग्लास. तो डबा. भाच्याच्या लग्नात गाडीत बसून राहणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून उलटं झालं. आमचं अख्खं घराणं ज्याला शिष्टपणा म्हणून नावं ठेवत आलं, ती बाईची रोजची दवादारू होती.

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगून काय झालं असतं?” वन्सं म्हणाल्या. “तुझा झाला तसा सत्कार झाला असता. अगं, बाईमाणूस आजारी म्हटलं की लोक डोक्यावर हात फिरवतात आणि तोंडात काहीतरी कोंबतात. शिष्ट म्हटलं की वाटेला जात नाहीत. मला जगायचं होतं. शिष्ट झाले.”

“आणि आम्ही इतकी वर्षं तुम्हाला...”

“बोललात ते बरं केलंत. तुम्ही नावं ठेवलीत म्हणून कोणी आग्रह केला नाही.”

खरं सांगते, मी पुष्कळ माणसं पाहिली. देखण्या बायका पाहिल्या, हुशार पाहिल्या, चार घरं सांभाळणाऱ्या पाहिल्या. पण आपल्या दुखण्यावर गर्वाचं झाकण ठेवून ते इतक्या तोऱ्यानं सांभाळणारी मी दुसरी पाहिली नाही. मला थोडा दम लागला तर मी जिन्यात भांडणं काढत होते. या बाईनं सगळ्या घराण्याशी भांडण लावून घेतलं आणि त्याच्या आडोशाला आपलं हृदय सुखरूप ठेवलं.

तरी एक शंका मनात राहिली. मी विचारलं, “मग माझ्या भाजीला बेचव म्हणायचात, तेही हृदयामुळेच ना?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या. “ती बेचवच असते.”

घरी आल्यावर त्या काही दिवस आमच्याकडेच राहिल्या. सूनबाईचं छोटं पातेलं जरा मोठं झालं, त्यात दोघींची भाजी. दोन ताटं सारखी मांडली गेल्यावर मला ते ताट वेगळं वाटेना. पलीकडे बसून हे मोठ्या पातेल्यातली भाजी चाखत म्हणाले, “सूनबाई, आज जमलीय हो.” मी मान खाली घालून जेवत राहिले.

पण माझी खरी अडचण आग्रहाची. करणारी मीच, मग मोडायचा कसा? वन्संनी शिकवणी सुरू केली. “नको म्हणायचं आणि थांबायचं. कारण सांगायचं नाही. कारण दिलंस की समोरचा त्यावर उपाय काढतो. नुसतं नको, आणि वर पंख्याकडे बघायचं.”

पहिली परीक्षा वरच्या बाईंकडे. गोळ्यांनी दम आवरला होता, म्हणून एक एक पायरी थांबत वर गेले, आणि वाटेत कोणाशी भांडले नाही. बाईंनी शेंगदाणे पुढे केले, सवय कुठे जाते. मी म्हटलं, “नको,” आणि वर बघितलं. त्या खोलीत पंखा नाही. दिवा होता, त्याच्याकडेच बघत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईंना वाटलं, माझं मन भरून आलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि बशीत आणखी शेंगदाणे ओतले. मी ते रुमालात बांधून खाली आणले. वन्सं बघून म्हणाल्या, “पुन्हा बस परीक्षेला.”

काट्यातली बाई रोज सकाळी बोलत होती. आकडा आता उतरत होता. वरून टाळ्या येईनात. जिन्यात लोक माझ्याकडे बघून चुकचुकायचे. “तब्येत उतरली हो काकूंची,” कोणीतरी म्हणायचं, आणि मला गुदगुल्या व्हायच्या. जुन्या चपला पायात यायला लागल्या. मोठ्या मापाच्या नव्या हे वापरतात.

परवा वरच्या बाई आणि नळवाले भाऊ एकत्रच आले. वन्सं जायला निघायच्या होत्या, आम्ही दोघी बसलो होतो. घडीच्या दोन खुर्च्या सोसायटीनं अजून परत मागितलेल्या नाहीत. त्या आमच्या पायांखाली. बाईंनी केक आणला होता, घरी केलेला. “अगदी थोडा घ्या. माझ्यासाठी.”

मी पाय वरच ठेवले. “नको,” म्हटलं.

“एक घास.”

मी वर बघितलं. आमच्याकडे पंखा आहे. तो मी नीट बघितला, त्याच्या पात्यावर धूळ होती तीही बघितली. बाई वाट बघत राहिल्या. मी कारण दिलं नाही. पाहुणीला नकार देऊन मी माझ्या घरात तशीच बसून राहिले. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं. माझ्या छातीत काहीतरी हललं, पण ते डॉक्टरीणबाईच्या पडद्यावर दिसण्यातलं नव्हतं.

बाईंनी केक झाकला. नळवाले भाऊ चुळबुळले, “येतो काकू” म्हणाले, आणि दोघं निघाले. दार लागलं. जिन्यात बाईंचा आवाज, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची सवय असलेला, स्पष्ट ऐकू आला. “बरी झाली तशी शिष्ट झालीय हो म्हातारी. नणंदेचं वारं लागलं.”

माझा जीव कळवळला. उठावं, दार उघडावं, त्यांना परत बोलवावं, असं वाटलं, आणि मी एक पाय खुर्चीवरून काढला.

वन्संनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पास झालीस,” त्या म्हणाल्या. “पाय वर घे.”